हात केव्हा काढायचा

धवळीला मामांच्या वाड्यावर सगळे मारकी म्हणत. ती मारकी नाही, भित्री आहे. हा फरक न केल्यामुळे कितीतरी चांगल्या गायी विकल्या जातात, रानात सोडून दिल्या जातात, नाहीतर जन्मभर मागचे पाय बांधून घेऊन दूध देत राहतात. मारकी गाय अंगावर येते. मान खाली, शिंगे पुढे, नजर तुमच्यावर. भित्री गाय तुमच्यापासून लांब जायला बघते, आणि जायला वाट उरली नाही की लाथ झाडते. धवळीच्या शिंगाचा ओरखडा आजवर कुणालाही उठलेला नाही. तिचा मागचा पाय मात्र विजेसारखा येतो, म्हणजे यायचा.

आमचे घर केरी-सत्तरीला, चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत. मागे सुपारी-केळीचे लहानसे कुळागर आणि त्याच्या कडेला चिऱ्यांचा गोठा. सासऱ्यांच्या पाठीमागे त्या गोठ्यात सुके नारळ, सरपण आणि मोडकी सायकल एवढेच राहायचे. पुन्हा गाय आणूया हे माझे आणि आईंचे ठरले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा सगळा जन्म गुरांत गेला आहे. गाय मिळाली मामांकडून, डोंगराच्या अंगाच्या वाड्यावरून. मामांचे गुडघे गेल्यामुळे त्यांना गुरांमागे फिरणे होत नव्हते. गाय पहिल्या वेताची गाभण होती. देताना त्यांनी सरळ सांगितले, "हात लावूंक दिना गे ती. मागीर म्हणशी मामान सांगूंक ना."

धवळी अगदी पापण्यांपर्यंत पांढरी आहे, नाकाडही गुलाबट. आमच्या गोव्याची श्वेता कपिला. जुने गोवे इथल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गुरांचा अभ्यास केला आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोमध्ये स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली. त्याआधी कागदोपत्री ही सगळी गुरे नुसती 'गावठी' होती. अंगाने लहान, काटक, उतारावर शेळीसारखी चढणारी. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. डेअरीला दूध घालून घर चालवायचे असेल तर ही गाय पुरणार नाही, हे खरेच आहे. पण घरच्या चहाला, ताकाला, देवाच्या निरांजनातल्या तुपाला ती भरपूर होते, आणि आमच्याकडच्या पावसात, चिखलात, गोचिडांत टिकून राहते.

ती भित्री का झाली, हे समजायला मामांचा वाडा डोळ्यांसमोर आणावा लागतो. दिवसभर रानात मोकळी चरायची, संध्याकाळी कळपाबरोबर वाड्यात. जवळच म्हादई अभयारण्याची हद्द, बिबट्याचा वावर, वासरे ओढून नेलेली सगळ्यांनी पाहिलेली. मागून काही हलले की आधी उडी मारायची आणि नंतर बघायचे, हे तिथल्या गुराला जगायला लागते. आणि माणसाचा हात तिच्या अंगाला लागला तो कधी? लस टोचताना आणि कानात तो बारा आकडी पिवळा बिल्ला मारताना. दोन्ही वेळा चार पुरुषांनी धरून, शिंगांना दोर लावून. माणूस जवळ आला की दुखते, एवढाच तिचा अनुभव. तिने तो नीट लक्षात ठेवला, यात तिचा दोष कुठला?

चैत्र संपता संपता ती आमच्याकडे आली. वेणार होती चतुर्थीच्या मागेपुढे. मधला उन्हाळा आणि अख्खा पावसाळा माझ्या हातात होता. मी सगळ्यांना हेच सांगते की पहिलटकर गायीला वळण लावायचे ते विण्याआधी. वेल्यानंतर कास सुजलेली, सड दुखरे, वासराची काळजी, अंगात थकवा, आणि त्याच वेळी पहिल्यांदाच कुणीतरी कासेला हात घालणार. अशा वेळी शिकवणे म्हणजे तिचा छळ आणि आपलाही.

गाय घाबरली की दूध का देत नाही, हे एकदा कळले की पुढचे सगळे समजते. कासेतले बहुतेक दूध अगदी बारीक पोकळ्यांत साठलेले असते. ते आपण ओढून काढू शकत नाही. वासराने तोंड लावले, कोमट पाण्याने कास धुतली, सडांना हात लागला की मेंदूतल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते, साधारण एका मिनिटात कासेपर्यंत पोचते आणि त्या पोकळ्या आवळून दूध खाली ढकलते. हाच पान्हा. त्याचा जोर पाच-सात मिनिटे टिकतो. आणि गाय घाबरली की अंगात ॲड्रिनलिन येते आणि ते हा सगळा कारभार थांबवते. म्हणून पाय बांधून, शेपूट पिरगाळून उभी केलेली गाय पहिल्या चार धारा देते आणि पुढे काही नाही. लोक म्हणतात, दूध चोरते. तिला चोरता येत नाही आणि देताही येत नाही. शेवटच्या धारा सगळ्यांत घट्ट, सायीच्या असतात, त्या आत राहतात. रोज दूध आत राहिले की गाय लवकर आटते, कास सुजायची भीती वेगळीच.

यजमानांचे म्हणणे पहिल्यापासून मागचे पाय बांधायचे असे होते. त्यांच्या वडिलांनी तसेच केले होते, आणि एखाद्या दुखऱ्या जनावराला औषध लावताना पाय बांधावे लागतात हे मलाही मान्य आहे. पण रोजच्या धारेला दोरी म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तिला आठवण करून देणे की पळायला वाट नाही. आणखी एकाने इंजेक्शन सुचवले. धारेआधी ऑक्सिटोसिन टोचले की झाले, असे ते म्हणाले. याबद्दल मला अगदी स्पष्ट लिहायचे आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि ते कलम मुळात फुंक्यासारख्या, म्हणजे गायीच्या मायांगात हवा फुंकून पान्हा आणण्याच्या, जुन्या क्रूर पद्धतींसाठी आहे. जे गायीच्या अंगात आपोआप तयार होते, त्याला आपण फक्त वाट द्यायची असते.

सुरुवातीला मी काहीच केले नाही, नुसती गोठ्यात बसले. तांदूळ निवडणे, वाली मोडणे, आमसुलासाठी भिंडां फोडणे, जे काम पाटावर बसून होते ते सगळे गोठ्यात न्यायचे. तिच्या खांद्याच्या रेषेत, थोडे तिरके, तिला दिसेल असे बसायचे. गायीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त पाठीमागचा एक पट्टा दिसत नाही. म्हणून पाठीमागून यायचे नाही आणि तोंडासमोर उभे राहून टक लावून बघायचेही नाही. येताना बोलत यायचे. आमच्याकडे "राव बाय, राव" हे दोनच शब्द ठरले, घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचे, त्याच चालीत. आई जुन्या ओव्या गुणगुणत झाडू मारायच्या, तेव्हा तिचे कान पुढे वळायचे, हे मी पाहिले आहे.

ती ऐकते आहे, शांत आहे की घाबरली आहे, हे ओळखायला तिच्याकडे बघत बसावे लागते. डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसायला लागला, शेपूट पायांत घट्ट दाबली गेली, मान वर आणि श्वास थांबल्यासारखा, तर ती भ्यालेली आहे. मी सगळ्यांत जास्त विश्वास ठेवते तो रवंथीवर. घाबरलेली गाय रवंथ करत नाही. मी बाजूला बसले असताना धवळीने पहिल्यांदा घास वर आणला आणि डोळे अर्धे मिटून चघळायला लागली, त्या संध्याकाळी मी आईंना हाक मारून दाखवले. आई म्हणाल्या, "आतां हात लाय. पूण घाय करूं नाका."

हात कुठे लावायचा? डोक्यावर नाही. लोक कपाळावर थोपटायला जातात. वरून आलेला हात भित्र्या गुराला नको असतो आणि कपाळ ढकलत राहिले की वासराला टक्कर द्यायची सवय लागते. गायी एकमेकींना कुठे चाटतात ते बघायचे. मानेला, खांद्याच्या वरच्या अंगाला, जबड्याखाली. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात संशोधकांनी गायींना अंगाच्या वेगवेगळ्या जागी हात फिरवून पाहिले, तेव्हा मानेला हात फिरवताना त्या सगळ्यांत जास्त सैलावल्या, मान लांब करून देऊ लागल्या. आमच्या धवळीनेही तेच केले. गळ्याच्या पोळीखाली खाजवले की ती नाक वर करून उभी राहते, खालचा ओठ लोंबतो.

आता मुख्य गोष्ट. हात कसा लावायचा यापेक्षा तो केव्हा काढायचा, यात सगळे शिकवणे आहे. मी खांद्याला हात लावला, ती थरथरली, उडाली आणि मी हात काढला, तर ती शिकली की उडी मारली की हात जातो. उद्या ती आधीच उडी मारेल. मी हात तिथेच ठेवला, दाबला नाही, फिरवला नाही, नुसता ठेवला, ती हलली तर तिच्याबरोबर हलले, आणि ती क्षणभर थांबली, तिने श्वास सोडला, की त्याच क्षणी हात काढला, तर ती शिकली की उभे राहिले की हात जातो. हात नको असेल तर काय करायचे, हे तिच्या ताब्यात दिले. जनावराला आपले म्हणणे पोचवता येते हे कळले की त्याची निम्मी भीती जाते. गूळ, पेंड, फणसाच्या चाऱ्या हे सगळे मी दिले, पण नुसत्या खाण्याने गाय वळत नाही. घास संपला की ती पुन्हा पहिली. हात वेळेवर काढणे हे कुठल्याही गुळापेक्षा मोठे बक्षीस असते.

खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून बरगड्यांवर, पोटाखाली, मग मांडीकडे. प्रत्येक जागा एक वेगळा धडा. मांडीच्या पुढे मात्र मी उघडा हात नेला नाही. लांब कामटीच्या टोकाला जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट बांधला आणि त्या बोळ्याने मागच्या पायांना, कासेला हलकेच स्पर्श करत राहिले. लाथ आली तर बोळ्याला. बोळा पुन्हा तिथेच. ती थांबली की बोळा बाजूला. गाय फक्त मागेच नाही, पाय पुढे घेऊन बाजूलाही झाडते, हे नव्या माणसाने लक्षात ठेवावे आणि पोरांना त्या बाजूला जाऊ देऊ नये. बोळ्याला ती काही म्हणेनाशी झाली, तेव्हा हात.

या काळात गोठ्यातल्या कितीतरी गोष्टींकडे आम्हाला नव्याने बघावे लागले. पाऊस सुरू झाला तशी ती अचानक पुन्हा बिथरली. धारेच्या जागेवर यायलाच तयार नाही. पुढचे पाय दारात रोवून फुसफुसत उभी. कारण सापडले ते आमच्या मुलीला. पश्चिमेच्या भिंतीला पावसासाठी लावलेले निळे प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होते आणि त्याची सावली जमिनीवर हलत होती. गायीला खोलीचा अंदाज नीट येत नाही. जमिनीवरची काळी सावली तिला खड्डा वाटू शकते. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी आयुष्यभर हेच दाखवून दिले आहे की लटकती साखळी, डबक्यातली चमक, कुंपणावर टाकलेले कापड अशा गोष्टींनी गुरे अडतात, आणि त्यांना मारून पुढे ढकलण्यापेक्षा ती गोष्ट काढून टाकणे सोपे. यजमानांनी प्लास्टिक काढून चुडतांचे विणलेले झाप बांधले, पूर्वी सगळीकडे बांधायचे तसे. दिवाही तिच्या मागे होता तो समोर आणला, म्हणजे माझी सावली तिच्या अंगावर पडत नाही.

दुसरी अडचण पोदेराची, म्हणजे घरोघर पाव घेऊन येणाऱ्याची. आमच्याकडे पोदेर सकाळी नेमका धारेच्या वेळेला येतो. सायकलीच्या हँडलला तो रबरी भोंगा, पों पों करत थेट गोठ्याच्या गडग्यापर्यंत. गायीचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. धवळी प्रत्येक वेळी दाव्याला हिसका देऊन भिंतीवर आदळायची. भोंगा बंद कर असे त्याला सांगता आले असते आणि तो मुलगा ऐकणाराही आहे, पण गावात भोंगे, घाटातले ट्रक, चतुर्थीचे फटाके आणि घुमटे कुणाकुणाची बंद करणार? म्हणून त्याला विनंती केली की काही दिवस लांब, वळणावरच भोंगा वाजव. भोंगा वाजला की लगेच माडाच्या गुळाचा एक लहानसा खडा तिच्या तोंडात. मग थोडे जवळून. मग गडग्याशी. आता पों पों ऐकू आले की ती जीभ बाहेर काढून माझ्याकडे मान वळवते. चतुर्थीला शेजारच्या घरात आरतीला घुमट आणि शामेळ वाजायला लागले, तेव्हा मी मुद्दाम गोठ्यात जाऊन बसले होते. कान हलले, पण ती बसलेली उठली नाही.

चतुर्थी उलटल्यावर ती रात्री वेली. पाडी झाली, आईसारखीच पांढरी. वार वेळेवर पडली. पाडीने तासाभरात चीक ओढला. तो तिच्या पोटात लगेच जायलाच हवा, वासराची सगळी प्रतिकारशक्ती त्यात असते. पहिले दिवस मी धार म्हणून बसलेच नाही. पाडी पीत असताना शेजारी बसून तिच्याच बाजूने कासेला हात लावायचा, कोमट पाण्याच्या फडक्याने शेकायचे, सडांना खोबरेल लावायचे. कास दगडासारखी होती, तिला त्या शेकाने आराम वाटत होता, हे कळत होते.

आपल्या गावठी गायी वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत, सोडल्या तरी फार उशिरा. त्यामुळे पाडीला आधी चारही सडांना लावून पान्हा आणायचा, मग तिला आईच्या तोंडासमोर बांधायचे. गाय तिला चाटत राहते आणि आपण आपले काम करतो. आमच्यात वाटणी अशी की दोन सड आमचे, दोन पाडीचे. पाडी अशक्त दिसली तर आम्ही दूध कमी घेतो. या बाबतीत माझा हट्ट आहे. वासराच्या तोंडचे काढून घेतलेल्या घरात गाय कधी मन मोकळे करून उभी राहत नाही.

धारेचे भांडे पहिले काही आठवडे खाली ठेवले नाही. एका हातात लहान तांब्या, दुसऱ्या हाताने धार. तांब्या भरला की मागच्या चरवीत ओतायचा. लाथ आली तर सांडते ते तांब्याभर. भांडे लवंडल्यावर आपण जो आवाज करतो, चिडतो, उठतो, त्यानेच गाय जास्त घाबरते. तसा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. बसताना डोके तिच्या कुशीला टेकवायचे. लाथ यायच्या आधी कुशीतला स्नायू घट्ट होतो, तो कपाळाला कळतो. त्या वेळी धार थांबवायची, पण हात सडावरून काढायचा नाही. कोपरापासूनचा हात तिच्या मागच्या पायाच्या सांध्यापुढे आडवा ठेवला की पाय वर येतानाच अडतो, फार जोर लागत नाही. स्नायू सैल झाला की धार पुन्हा सुरू. नखे कापलेली हवीत, हातात बांगड्या नकोत. अंगठा मुडपून सड ओढण्याची सवय कित्येकांना असते, त्याने सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीने, वरून खाली एकेक बोट आवळत दूध काढावे. गायीचे सड लहान असले तर तीन बोटे मावतात, तेवढी पुरेत.

नावाने हाक मारण्याबद्दल लोक मला विचारतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांची पाहणी करून २००९ मध्ये लिहिले होते की जिथे गायींना नावे आहेत, तिथे दर गायीमागे वर्षाला सुमारे २५८ लिटर दूध जास्त मिळते. आमच्याकडे बिननावाची गाय कुणी ऐकलेलीच नाही, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. माझे मत असे की नुसत्या नावात काही नाही. ज्याने नाव ठेवले त्याने तिच्याकडे बघितलेले असते, तिला काय आवडते, कशाने ती उडते हे त्याला ठाऊक असते. दूध त्याने वाढते.

दिवाळीच्या आसपास सगळे सुरळीत असताना धवळीने एका सकाळी पुन्हा लाथ झाडली, मागच्या डाव्या सडाला हात लागताच. घरात लगेच 'मूळ स्वभाव' वगैरे बोलणे सुरू झाले. माझा नियम आहे की शिकलेली गाय अचानक लाथ मारायला लागली तर आधी दुखणे शोधायचे. पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून बघितल्या, गुठळ्या नाहीत, पाणचटपणा नाही. कासेचे चारही भाग सारखेच कोमट, एखादा गरम नाही, म्हणजे कासदाह नाही. सडाला चीर नाही. बॅटरी घेऊन खाली वाकून बघितले तर दोन सडांच्या मधल्या घडीत गोचीड, फुगून करवंदाएवढी झालेली. कातडीजवळ चिमट्याने धरून ती सरळ ओढून काढली, हळद-खोबरेल लावले. दुसऱ्या दिवशी धवळी नेहमीसारखी उभी. तेव्हापासून रोज खरारा करताना कासेच्या घडीतून बोट फिरते, आणि संध्याकाळी गोठ्यात सोडणांवर, म्हणजे नारळाच्या सालींवर, निगडीचा पाला टाकून धूर करतो. माश्या आणि दांस कमी झाले की शेपटीचे फटकारे आणि पाय आपटणेही कमी होते. पुष्कळदा लोक ज्याला लाथाडपणा म्हणतात ती माशी हाकलणे असते.

गोरवांच्या पाडव्याला तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, शिंगांना रंग लावला. माळ तिने खाल्ली. पोळे आईंच्या हातून खाल्ले.

एकाच माणसाच्या हाताची गाय हे घरच्या गायीचे मोठे दुखणे असते. बाई आजारी पडली, माहेरी गेली, की गाय आटली. म्हणून धवळी माझ्याकडे स्थिर झाल्यावर लगेच मुलीला बसवायला सुरुवात केली. आधी ती नुसती माझ्या शेजारी, मग माझ्या हातावर तिचा हात, मग एक सड तिचा. माझा गोठ्यातला जुना गाऊन तिने घातला, त्याला माझाच वास. पहिल्या संध्याकाळी धवळीने मागे वळून तिला लांबवर हुंगले आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातले. आता शाळेला सुट्टी असली की सकाळची धार मुलगी काढते आणि शेवटच्या धारा मी बघून घेते, कारण तिची मूठ अजून लहान आहे.

पाडीला पहिल्या आठवड्यापासून म्होरकी घातली आहे. ओढायचे नाही, दोर हलका ताणायचा, तिने एक पाऊल टाकले की सैल सोडायचा. तिचे चारी सड, खूर, कान रोज हाताळतो. तिच्या आईला जे शिकवायला अख्खा पावसाळा गेला, ते ती खेळता खेळता शिकते आहे.

धवळीचा एक धडा मात्र बाकी आहे. पशुवैद्य आले की ती अजून ओळखते. मोटरसायकल, हेल्मेट, हातातली पेटी, औषधाचा वास. लाळ्या-खुरकुताची लस तर द्यायलाच हवी, आणि तिला पुन्हा चौघांनी शिंगांना धरलेले मला नको आहे. म्हणून रोज संध्याकाळी आंबोण पुढे ठेवल्यावर मानेची कातडी चिमटीत धरायची, ती स्थिर राहिली की सोडायची. मग थोडी जास्त वेळ धरायची. मग बोथट काडी टोचल्यासारखी टेकवायची. हे सगळे ती माझ्याकडून सहज करून घेते. परवापासून हे काम यजमानांकडे दिले आहे, कारण डॉक्टर पुरुष आहेत आणि धवळीला माझा हात आणि पुरुषाचा हात वेगळा कळतो. पुढच्या आठवड्यात ते हेल्मेट घालून गोठ्यात जाणार आहेत.